दोष आभाळाचा की दप्तराचा?

सप्टेंबर 2025 मध्ये बीड जिल्ह्यावर जो प्रसंग गुदरला त्याची आठवण अजून ताजी आहे. ज्या आष्टी तालुक्याचे नाव निघाले की पाण्याचे टँकर व चारा-छावण्या एवढेच डोळ्यांपुढे यावे, त्याच तालुक्यात पुराने वेढलेली माणसे हेलिकॉप्टरने उचलून काढावी लागली. सिंदफणा, मांजरा व सीना या नद्यांनी आपापले काठ सोडले. महिनाअखेरीस पैठणच्या जायकवाडी जलाशयातून सेकंदाला तीन लाख घनफुटांच्या आसपास पाणी सोडणे भाग पडले, तेव्हा गोदाकाठच्या गावांवर पुन्हा तीच पाळी आली. उभे सोयाबीन कुजले, वेचणीला आलेला कापूस काळा पडला. आणि कित्येक शेतांत तर पीकच नव्हे, ज्या मातीत पीक येते ती मातीही वाहून गेली. पुढे 7 ऑक्टोबरला सरकारने सबंध राज्यासाठी 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, पंचनामे झाले, पुढाऱ्यांचे दौरे झाले, आणि दिवाळीबरोबर हा विषयही सुशिक्षितांच्या बैठकींतून मावळला.

या सर्व काळात दोन वाक्ये आमच्या कानांवर इतक्या वेळा आली की, त्यांचा समाचार घेतल्यावाचून आम्हांस राहवत नाही. पहिले वाक्य : ‘असे यापूर्वी कधी झालेच नव्हते.’ दुसरे वाक्य : ‘निसर्गापुढे कोणाचे काय चालणार?’ ही वाक्ये बोलणारे अडाणी नव्हते. कचेऱ्यांत, महाविद्यालयांत, वर्तमानपत्रांत व दिवाणखान्यांत वावरणारी, आमच्या-तुमच्यासारखीच ही मंडळी होती. आमचे स्पष्ट मत असे आहे की, यांपैकी पहिले वाक्य खोटे आहे व दुसरे अर्धे खरे आहे. आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते पहिल्याहून अधिक घातक आहे.

पहिल्या वाक्याचा निकाल लावण्यास फार खोल जावे लागत नाही. 1989 च्या जुलै महिन्यात बिंदुसरेला पूर आला व बीड शहराच्या नदीकाठच्या वस्त्यांत मनुष्यहानी व वित्तहानी झाली. ही नदी बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते व शहराचे दोन भाग करून पुढे सिंदफणेस मिळते. वर्षातले बहुतेक महिने तिच्या पात्रात पाणी दिसत नाही, म्हणून ती नदी नव्हेच असे मानून लोक वागतात. पण नदीने तसे कधी मानलेले नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला. 2021 च्या सप्टेंबरअखेर ‘गुलाब’ वादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले, तेव्हा केज तालुक्यात धनेगाव येथे असलेल्या मांजरा धरणाचे सर्व 18 दरवाजे उघडावे लागले. एका मनुष्याच्या आयुष्यात जी गोष्ट चार वेळा घडते तिला ‘कधी नव्हे ती’ म्हणणे हा स्मरणाचा दोष नव्हे. ती स्मरण न ठेवण्याची सोय आहे.

ही सोय मुख्यत्वे एका विशेषणाने करून दिली आहे. बीड हा ‘दुष्काळी जिल्हा’ आहे, असे आपण शाळेच्या पुस्तकापासून घोकत आलो. एकदा हे विशेषण चिकटले की पुराचा विचार करावयाचे कारण उरत नाही. वस्तुतः जिल्ह्याच्या नकाशाकडे क्षणभर पाहिले तरी या समजुतीचा फोलपणा कळून येतो. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. बालाघाटाच्या पठारावरून सिंदफणा, बिंदुसरा व मांजरा निघतात. नैर्ऋत्येस आष्टीच्या बाजूचे पाणी सीनेकडे, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात उतरते. डोंगर उघडे, उतार तीव्र, माती पातळ. अशा मुलखात चार तासांचा मुसळधार पाऊस हा ओढ्यालाही नदीचे रूप देतो. गेवराईच्या गोदाकाठच्या शेतकऱ्यास पुराची भीती आहे, पाटोद्याच्या माथ्यावरच्या शेतकऱ्यास मृगाचा पाऊस लांबण्याची आहे, आणि भर दुपारी रानात राबणाऱ्या सर्वांस विजेची आहे. 10,693 चौरस किलोमीटरांच्या व तेराशेंहून अधिक गावांच्या या प्रदेशास एकच विशेषण लावून मोकळे होणे हा विचार नव्हे, विचाराची टाळाटाळ आहे.

त्याच टाळाटाळीचे दुसरे नाव ‘सरासरी’ असे आहे. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे साडेसहाशे मिलिमीटर सांगितले जाते. आकडा चुकीचा नाही. परंतु त्यावरून शेतकऱ्याच्या नशिबी काय येते याचा काडीइतकाही बोध होत नाही. एखाद्या घरी वर्षातून तीन दिवस पंचपक्वान्ने व्हावीत व उरलेले दिवस चूल थंड राहावी, आणि कारकुनाने हिशेब करून लिहावे की, या घरातील माणसे सरासरीने बरी जेवली. तसाच हा प्रकार होय. जून-जुलैत बी करपते आणि सप्टेंबरमध्ये काढणीला आलेले पीक बुडते. दोन्ही आपत्ती एकाच वर्षी, एकाच शेतात येतात, आणि वर्षअखेर पर्जन्यमापकाच्या वहीत मात्र ‘सरासरी गाठली’ अशी समाधानाची नोंद होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने रब्बीची काय दशा केली हे मराठवाडा विसरलेला नाही. पण वार्षिक सरासरीत तिला जागाच नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. निसर्गापुढे माणसाचे चालत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पाऊस पाडणे अथवा थांबविणे कोणाच्या हाती नाही. पण आपत्ती म्हणजे केवळ पाऊस नव्हे. आभाळातून येते ते संकट. त्या संकटाच्या वाटेत कोण उभा आहे, आणि त्याच्या अंगी ते सोसण्याचे किती बळ आहे, या दोन गोष्टी त्यात मिळतात तेव्हा त्याची आपत्ती होते. पहिली गोष्ट निसर्गाची. पुढच्या दोन्ही सर्वस्वी माणसांच्या आहेत. हे आमचे नुसते तर्कट नव्हे. याच जिल्ह्याच्या इतिहासात त्याचा पुरावा आहे.

1891 च्या शिरगणतीत निजामाच्या राज्यातील बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 6 लाख 42 हजार होती. मध्यंतरी 1899-1900 चा भीषण दुष्काळ पडला. 1901 च्या शिरगणतीत ती 4 लाख 92 हजारांवर आली. दहा वर्षांत दीड लाख माणसे कमी झाली! कोणी उपासमारीने व रोगराईने मेली, कोणी मुलूख सोडून गेली. पुढे 1972 साली पावसाने पुन्हा तशीच पाठ फिरविली. विहिरी आटल्या, जनावरे मेली, गावे ओस पडली. लोकांचे हाल झाले यात शंका नाही. परंतु त्या वेळी महाराष्ट्रभर खडी फोडण्याची, तलावांची, रस्त्यांची कामे निघाली. 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे अशा कामांवर होती. 1900 सालासारखा संहार झाला नाही. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा निघाला व काम मागणे हा गरिबाचा हक्क ठरला. आभाळाने दोन्ही वेळा दगाच दिला. मधल्या काळात बदलले ते दप्तर. म्हणून आम्ही म्हणतो की, ‘निसर्गापुढे कोणाचे काय चालणार’ हे वाक्य उच्चारणाऱ्याने प्रथम 1901 व 1973 या दोन सालांमधील अंतराचा हिशेब द्यावा.

दप्तर जसे तारते तसे मारतेही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक निजले असता, शेजारच्या लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. त्याची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. जगात यापेक्षा मोठे भूकंप दरवर्षी होतात व कित्येकदा फारशी प्राणहानीही होत नाही. येथे मात्र आठ ते दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली व माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. देशाच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. वर्षभर आधी, 1992 च्या ऑक्टोबरात, किल्लारी परिसराला धक्के बसले होते व लोक घाबरून गेले होते; परंतु नकाशा निश्चिंत होता, म्हणून व्यवस्थाही निश्चिंत राहिली. पुढे 2002 साली नकाशा सुधारण्यात आला व तो ‘सर्वांत सुरक्षित’ पट्टा मुळातून काढून टाकण्यात आला. नकाशाने आपली चूक कबूल केली हे चांगलेच झाले. पण कबुलीजबाब ऐकावयास ती माणसे उरली नव्हती. बीड जिल्ह्यात आजही माळवदाची जुनी घरे उभी आहेत. त्यांपैकी कोणती किती पोखरली आहेत आणि कोणत्या घरात रात्री किती जीव निजतात, याची गावनिहाय यादी असावी ही अपेक्षा अवास्तव आहे काय?

कोणी म्हणेल, यासाठी कायदा कोठे आहे? कायदा आहे, आणि तो 2005 सालापासून आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमावयास सांगितले. जिल्हा परिषदेच्या निर्वाचित अध्यक्षास त्यावर सहअध्यक्षाचे स्थान दिले. आणि कलम 31 मध्ये स्पष्ट लिहिले की, जिल्ह्याच्या आराखड्यात कोणता भाग कोणत्या आपत्तीस बळी पडण्याजोगा आहे हे नमूद करावे, स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करावा व आराखडा दरवर्षी तपासून सुधारावा. कायद्याच्या शब्दांत आम्हांस काही न्यून दिसत नाही. न्यून आहे ते हे की, असले आराखडे आपल्याकडे बहुधा अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. दूरध्वनींची यादी, होड्यांची यादी, रुग्णालयांची यादी. हे सारे हवेच, कोण नको म्हणतो? पण ती आग लागल्यावर बंब कोठून आणावयाचा याची यादी झाली. घर पेटण्याजोगे का आहे, या प्रश्नाचे उत्तर तीत सापडत नाही. ज्या गावाला ‘पूरप्रवण’ ठरविले त्या गावच्या किती लोकांना हे ठाऊक असते, हे वाचकांनी आपल्याच गावी जाऊन विचारून पाहावे.

आपली सबंध व्यवस्था पंचनाम्यावर उभी आहे, आणि पंचनामा हा संकट होऊन गेल्यावर होतो. त्यातही जे कागदावर आहे त्याचाच पंचनामा. चोवीस तासांत 65 मिलिमीटर पाऊस महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर पडला तर अतिवृष्टी. पंधरा-वीस गावांच्या मंडळात एखाद्या कोपऱ्यावर ढग फुटला आणि मापक कोरडा राहिला, तर त्या कोपऱ्यातील माणसाने आपली बुडालेली जमीन दाखवीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयाचे. नुकसान 33 टक्के भरले तर मदत. बत्तीसावर अडले तर नशीब. आणि मदत कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. ज्याने शेत बटाईने केले, बी-बियाण्यासाठी कर्ज काढले, त्याचे नाव तेथे नाही. ज्या विधवेच्या नावे वारसाची नोंद झाली नाही, तिचे नाव नाही. शेतमजुराचे तर पीकच नव्हे, बुडाली ती त्याची मजुरी. तिचा पंचनामा कोण करणार? संकटाच्या वाटेत सर्वांत पुढे उभी असलेली माणसे हिशेबात सर्वांत मागे असतात, किंबहुना नसतातच.

बीडच्या बाबतीत या न मोजलेल्या माणसांची संख्या थोडीथोडकी नाही. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सहा-सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. हा प्रवास लाखोंचा आहे. कामाचा खाडा पडला तर दंड भरावा लागतो, या धाकाने किती स्त्रियांनी तरुण वयात गर्भाशय काढून घेतले याची चौकशी करण्यासाठी 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, हे सर्वश्रुत आहे. आमचा प्रश्न असा : पाऊस हुकल्याची किंमत एका बाईच्या शरीरातून वसूल होते, ती दुष्काळाच्या कोणत्या रकान्यात लिहावयाची? जिल्ह्याच्या जोखमीचे मोजमाप करताना पावसाचे मिलिमीटर मोजले आणि गावातून निघालेले कोयते मोजले नाहीत, तर ते मोजमाप हवामानाचे झाले, जिल्ह्याचे नव्हे.

आणि जेथे मोजमाप झाले तेथे ते कसे झाले? पूर्वी आणेवारी होती, तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पीक आले तर दुष्काळ. तिच्यात नजरेचा व लहरीचा दोष होता हे खरे. म्हणून 2017 पासून राज्याने पाऊस, मातीतील ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ अशा निर्देशांकांवर दुष्काळ ठरविण्यास आरंभ केला. शास्त्राचा आम्हांस विरोध नाही. परंतु 2023 साली राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा बीडचे वडवणी, धारूर व अंबाजोगाई हे तीनच तालुके त्या यादीत आले. शेजारच्या तालुक्यांत ओरड झाली, तेव्हा दहा-बारा दिवसांनी यादीबाहेरच्या मंडळांसाठी ‘दुष्काळसदृश’ असा शब्द शोधण्यात आला. कोरड्या पडलेल्या विहिरीत आणि ‘कोरडीसदृश’ विहिरीत तहानलेल्याने कोणता भेद पाहावा हे शब्दकर्त्यांनीच सांगावे. जी गोष्ट आधी गावागावांत बसून ठरवावयाची ती मागाहून शब्दांनी सावरावी लागते.

सरकारास जे मोजता येत नाही ते बाजार मात्र आपल्यापुरते अचूक मोजतो. 2020 साली पीकविम्यासाठी बीड जिल्ह्यात येण्यास विमा कंपन्या राजी होईनात. अखेर केंद्र सरकारच्या विमा कंपनीमार्फत, तोटा एका मर्यादेपलीकडे गेला तर भार राज्याने उचलावा व नफा मर्यादेबाहेर झाला तर तो राज्यास परत मिळावा, अशी तोड काढावी लागली. तिलाच ‘बीड पॅटर्न’ हे नाव पडले. तोड चांगली होती. पण तिच्यातील अर्थ कोणी नीट वाचला नाही. जोखीम मोजणे हाच ज्यांचा धंदा, त्यांनी हिशेब केला आणि पाऊल मागे घेतले. ज्यांना पाऊल मागे घेताच येत नाही त्या जिल्ह्यातील 25 लाखांहून अधिक रहिवाशांना मात्र तो हिशेब कोणी समजावून सांगितला नाही.

येथवर आम्ही सरकारी दप्तराचे दोष दाखविले. परंतु तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. जोखीम वाढविण्यात आम्हां सुशिक्षितांचा वाटा मोठा आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, याचे आपण सर्वांनी मोठ्या कुतूहलाने फोटो पाहिले. लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात आहे; ते तळाला गेले होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर तेच धरण भरले. आगगाडी व पूर यांमध्ये सहा महिन्यांचेही अंतर नव्हते! मधल्या वर्षांत या खोऱ्यात उसाचे मळे व कारखाने कोणी वाढविले? आभाळाने नव्हे. परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी 2013 च्या फेब्रुवारीत व पुन्हा 2015 साली बंद पडले. पाणी किती व त्याचे वाटेकरी किती, हा साधा त्रैराशिकाचा प्रश्न. तो सोडविण्याऐवजी आपण दरवर्षी नव्या बोअरची खोली वाढवीत गेलो. बिंदुसरेच्या काठी भराव घालून प्लॉट पाडणारे व ते विकत घेणारे, दोघेही शिकलेलेच असतात. पुराच्या दिवशी झोपडी वाहून गेली की आपण हळहळतो. पात्र कोणी अरुंद केले हे मात्र विचारीत नाही.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील ते आम्ही जाणून आहो. पहिला आक्षेप खर्चाचा. गावागावांची जोखीम मोजण्यास माणसे व पैसा कोठून आणावा? उत्तर असे की, माणसे आहेतच. तलाठी आहे, ग्रामसेवक आहे, शाळामास्तर आहे, आशाताई आहे. कोणत्या गल्लीत पाणी शिरते, कोणती विहीर आधी आटते, कोणत्या घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे त्यांस कोणत्याही उपग्रहापेक्षा अधिक ठाऊक आहे. ते विचारणे व लिहून ठेवणे एवढाच खर्च. मागाहून वाटाव्या लागणाऱ्या हजारो कोटींपुढे तो नगण्य आहे.

दुसरा आक्षेप असा की, धोके जाहीर केल्याने लोकांत घबराट पसरेल. आमचा अनुभव उलट आहे. दुष्काळाने व पुराने ज्याचे घर दोनदा धुऊन नेले त्यास धोक्याची बातमी नवी नसते. त्यास नवे एवढेच वाटेल की, ती सरकारलाही कळली आहे. घबराट अज्ञानाने पसरते. धरणाचे दरवाजे रात्री केव्हा उघडणार हे खालच्या गावास वेळेवर कळले तर लोक गुरे सोडून टेकडीवर जातील. न कळले तर मात्र खरी घबराट होईल.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण सर्वांत जोर त्याचाच आहे. नदीची पूररेषा जाहीर केली तर तिच्या आतील जमिनींचे भाव पडतील. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा आखावी हा संकेत राज्यात चालू आहे. आणि जेथे जेथे ती आखली जाते तेथे तेथे ती पुसण्यासाठी, सरकविण्यासाठी खटपटी होतात हे उघड गुपित आहे. भाव पडतील हे आम्हांस कबूल. पण तो भाव मुळात खोटा होता. घेणाऱ्यास धोका न सांगता तो उभा केला होता. खोटा भाव टिकविण्यासाठी खरी माणसे पाण्यात ठेवावयाची काय, एवढाच प्रश्न आहे.

तर मग करावे काय? आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी ग्रामसभा भरवून गावाची जोखीम-वही वाचून दाखवावी. तीत मागील पुरांच्या खुणा असाव्यात. देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर पाणी कोठवर चढले ती रेघ ओढून साल लिहावे, म्हणजे ‘कधी झालेच नव्हते’ हे म्हणण्याची सोय उरणार नाही. विहिरी केव्हा आटल्या, टँकर केव्हा लागला, वीज पडून कोण दगावले, घरे कोणती मोडकळीस आली, कोयते किती निघाले, बटाईदार कोण, एकाकी व आजारी कोण, हे सर्व तीत असावे. या वह्यांवरून तालुक्याचा व तालुक्यांवरून जिल्ह्याचा आराखडा व्हावा. आज वरून खाली उतरणारा कागद उद्या खालून वर चढावा. प्रत्येक मंडळाच्या एका मापकावर न थांबता शाळाशाळांत पर्जन्यमापक बसवावेत. मुलांना मोजणे शिकवावे, याहून चांगला विज्ञानाचा धडा दुसरा नाही. आणि वर्षातून एकदा जिल्हाधिकाऱ्यांनी व जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनी भर सभेत सांगावे की, गतवर्षी आम्ही अमुक गाव धोक्याचे म्हटले होते, तेथे अमुक केले, अमुक राहिले. ही जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर टाकलेलीच आहे. लोकांनी ती मागितली नाही, इतकेच.

बीड शहराजवळ खजाना बावडी नावाची एक विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधविली. भूमिगत बोगद्यांतून तिच्यात पाणी येते व बोगद्यातूनच ते पुढे शेतीस जाते. जुने लोक सांगतात की, दुष्काळातही तिची पातळी फारशी ढळत नाही. ती बांधणाऱ्यांपाशी उपग्रह नव्हता, पर्जन्यमापक नव्हता, 2005 चा कायदाही नव्हता. त्यांनी जमिनीचा उतार पाहिला, झरे कोठे आहेत ते शोधले, पाऊस हुकणार हे गृहीत धरले व त्या हिशेबाने दगड रचला. आज त्या बावडीकडे आपण सहलीला जातो व पूर्वजांचे कौतुक करून परत येतो. परत येताना बिंदुसरेच्या पुलावर क्षणभर थांबून, कोरड्या पात्रात उभी राहिलेली घरे मोजावीत, आणि पुढील पुरात त्यांतील कोणते दार आधी बुडेल हे कोणाच्या वहीत लिहिले आहे काय, अशी लेखी विचारणा जिल्ह्याच्या कचेरीत करावी, एवढी आमची वाचकांस विनंती आहे. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे. पावसाळा दरसाल येतो, विचारणाही दरसाल झाली पाहिजे.